विश्लेषण : गुन्ह्याला नंबर, खटल्याला नंबर, पीडिताला मिळालेल्या मदतीचा हिशेब कुठे?

गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी महाराष्ट्रात योजना कमी नाहीत. नुकसानभरपाई, समुपदेशन, मोफत वकील, मोफत उपचार, साक्षीदाराला संरक्षण असे सगळे कागदावर आहे. मात्र ही मदत माणसापर्यंत किती दिवसांत पोहोचली, त्यासाठी त्याला किती हेलपाटे मारावे लागले आणि तिचा उपयोग झाला का, हे त्या माणसालाच विचारण्याची नियमित पद्धत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील काष्टीसारख्या गावातून पाहिले, तर ही उणीव अधिक ठळक दिसते.

काष्टीहून ही मदत किती लांब?

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावर गावाला स्थानक आहे. भीमा ओलांडली की दौंड येते, पण दौंड पुणे जिल्ह्यात. काष्टीकरांचे तालुक्याचे ठिकाण श्रीगोंदा आणि जिल्ह्याचे ठिकाण साधारण ७० किलोमीटरवरील अहिल्यानगर. उपचाराला, बाजारहाटाला दौंड जवळ पडते. सरकारी कागद मात्र नगरच्याच दिशेने जातो.

आता समजा, गावातील एखाद्या मुलीवर अत्याचार झाला. फिर्याद श्रीगोंद्याला. भरपाईचा अर्ज ज्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापुढे जातो, ते नगरला. बालकल्याण समिती नगरला. समुपदेशन, तात्पुरता निवारा आणि कायदेशीर सल्ला एका छताखाली देणारे ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, तेही जिल्ह्याच्या ठिकाणी. या प्रत्येक दारात जाण्यासाठी कुटुंबातील किमान एका माणसाची रोजंदारी बुडते. शेजारी विचारतात, ‘आज कुठं निघालात?’ आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणे हीच एक शिक्षा ठरते.

मुंबईत तयार झालेल्या योजनेच्या अहवालात हा प्रवास दिसत नाही. त्यात दिसतो तो अर्जांचा आकडा आणि वाटप झालेली रक्कम.

कायद्याने काय देऊ केले आहे?

फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ आले आणि ते ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाले. आरोपी सापडो वा न सापडो, पीडिताच्या पुनर्वसनाची जबाबदारी राज्याची आहे, हे तत्त्व त्यातून कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच तत्त्व कलम ३९६ मध्ये आहे. भरपाईसंबंधीची चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी, असे त्यात म्हटले आहे.

महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी ती आहे. सुरुवातीला मदतीची कमाल मर्यादा तीन लाख रुपये होती. शेजारच्या गोव्यात ती दहा लाख असताना महाराष्ट्र इतका हात आखडता का घेतो, यावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राज्य सरकारला सुनावले. ही मदत म्हणजे सरकारने केलेला दानधर्म नव्हे, ही न्यायालयाची भूमिका होती. त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये योजना सुधारण्यात आली. कमाल मर्यादा दहा लाखांवर गेली आणि निर्णयाचे काम विधी सेवा प्राधिकरणाकडे आले.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची महिला पीडितांसाठीची भरपाई योजना २०१८ मध्ये आली. अशा गुन्ह्याची नोंद होताच पोलिसांनी प्रथम खबरी अहवालाची प्रत विधी सेवा प्राधिकरणाला पाठवणे तिने बंधनकारक केले. पीडितेने अर्ज घेऊन फिरावे असे नव्हे, तर यंत्रणेने तिच्यापर्यंत यावे, असा त्याचा अर्थ.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या प्रकरणांत तर तरतुदी आणखी तपशीलवार आहेत. १९९५ च्या नियमांनुसार पीडित, त्याचे अवलंबित आणि साक्षीदार यांना प्रवासखर्च व भत्ता मिळतो. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ ने पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरणच कायद्यात घातले.

थोडक्यात, कायद्याच्या पुस्तकात काष्टीच्या माणसाला पुष्कळ काही मिळालेले आहे.

मग मोजले काय जाते?

पीडितांच्या मदतीबद्दल जे आकडे नियमितपणे जाहीर होतात, ते प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात : किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती रक्कम मंजूर झाली. २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटी रुपयांनी सुरू झालेल्या ‘निर्भया’ निधीची चर्चाही दरवर्षी एकाच मुद्द्याभोवती फिरते : किती खर्च झाला, किती पडून राहिला.

हे आकडे हवेतच. पण ते यंत्रणेने काय केले ते सांगतात, माणसाचे काय झाले ते सांगत नाहीत. पाणीपुरवठा योजनेत टाकीत किती पाणी चढवले, हे मोजून शेवटच्या गल्लीतील नळाला पाणी आले असे म्हणता येत नाही. मधली गळती मोजायची तर मीटर शेवटच्या नळावर बसवावा लागतो.

एक उदाहरण पुरेसे आहे. भरपाई मंजूर झाल्याची तारीख सरकारी नोंदीत असते. पण मंजूर रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो. राष्ट्रीय योजनेत प्रौढ पीडितेच्या बाबतीत ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षे ठेवीत राहते, तर अल्पवयीन असल्यास ८० टक्के रक्कम ती सज्ञान होईपर्यंत. हेतू चांगला आहे, पैसे कुणी लाटू नयेत. पण त्या काळात तिची शाळा सुटली का, कुटुंबाने गाव सोडले का, हातात आलेल्या रकमेतून उपचार झाले की प्रवासातच ती संपली, हे त्या नोंदीत कुठेच येत नाही. सरकारी तक्त्यात ते प्रकरण ‘निकाली’ असते.

एकाच माणसाच्या चार फायली

गुन्ह्याला नोंद क्रमांक असतो. न्यायालयात गेल्यावर खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख कुणालाही मोबाइलवर दिसते. जप्त वस्तूला मुद्देमाल क्रमांक असतो, कैद्याला कैदी क्रमांक.

केंद्र सरकारने या नोंदी एकमेकींशी जोडणारी आंतर-जोडणी व्यवस्था, म्हणजे ‘आयसीजेएस’, उभारली. तिचे पाच खांब आहेत : पोलीस, न्यायालय, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि अभियोग. पीडिताला मिळणारी मदत हा त्यात सहावा खांब नाही.

परिणामी एकाच मुलीची एक फाइल पोलीस ठाण्यात, दुसरी बालकल्याण समितीकडे, तिसरी विधी सेवा प्राधिकरणात आणि चौथी रुग्णालयात असते. चारही कार्यालये आपापले काम चोख करतील. तरीही ‘फिर्यादीपासून पहिली मदत हातात पडेपर्यंत किती दिवस गेले?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर एकाही फाइलमध्ये सापडणार नाही. कारण तो प्रश्न चार फायलींच्या मधल्या जागेत आहे.

खर्डा आणि कोपर्डी

याच जिल्ह्यातील दोन प्रकरणे या विषयाचे गांभीर्य सांगतात.

२८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. राज्यभर संताप उसळला, नेत्यांच्या भेटी झाल्या, आश्वासने मिळाली. खटला उभा राहिला तेव्हा मात्र सरकार पक्षाचे साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

१३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे १५ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. सरकारने विशेष सरकारी वकील नेमले. खटला वेगाने चालला, १८ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघे दोषी ठरले आणि २९ नोव्हेंबरला त्यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली.

एकच जिल्हा, सहा दिवसांच्या अंतराने दोन टोकांचे निकाल. दोन्ही खटल्यांतील पुरावे वेगळे, परिस्थिती वेगळी. त्यांची थेट तुलना करून कुणाला दोष देणे योग्य नाही. पण एक गोष्ट दोन्हींना लागू आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याच्या मागे कोण उभे आहे, याला मोल असते. कोपर्डीच्या कुटुंबामागे अवघा समाज उभा राहिला. ज्यांच्या मागे मोर्चा नसतो, त्यांच्या मागे यंत्रणेने उभे राहावे, यासाठीच तर या सेवा आहेत.

म्हणून खर्ड्यानंतर विचारायचा प्रश्न केवळ ‘निकाल असा कसा लागला?’ एवढाच नव्हता. साक्षीदारांना प्रवासभत्ता वेळेत मिळाला का, त्यांच्याशी नियमित संपर्क कोण ठेवत होते, गावात राहून साक्ष देणे त्यांना कितपत शक्य होते, पहिला साक्षीदार फिरला तेव्हा उरलेल्यांना कुणी भेटले का, हेही प्रश्न होते. विमान कोसळले की दोष ठरवण्याआधी यंत्रणेत काय बिघडले याची चौकशी होते, आणि तिचे निष्कर्ष पुढच्या उड्डाणाला उपयोगी पडतात. फसलेल्या खटल्यातील साहाय्य यंत्रणेची अशी चौकशी करण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. कायदा झाला, तो गावात किती उतरला, याची मोजदादही व्हायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाला काय आढळले?

एकदा ही मोजदाद झाली तेव्हा चित्र धक्कादायक निघाले. बालकांवरील अत्याचाराच्या वाढत्या घटनांची सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि देशभरातून माहिती मागवली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरच्या आदेशात न्यायालयाने नोंदवले की, सुमारे २० टक्के प्रकरणांत तपासच वर्षभरात पूर्ण होत नाही. पीडित बालकांना साहाय्यक व्यक्ती जवळपास दिलीच जात नाही आणि भरपाईही दिली जात नाही.

साहाय्यक व्यक्ती म्हणजे मुलाच्या व कुटुंबाच्या सोबत राहून पोलीस ठाणे, रुग्णालय, न्यायालय हा सगळा प्रवास समजावून सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती. ‘पोक्सो’ कायद्याच्या २०२० च्या नियमांत तिची तरतूद आहे. १८ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर निर्देश दिले. गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणजे न्याय पूर्ण झाला असे नाही, प्रक्रियेच्या काळात पीडिताला मिळणारा आधारही न्यायाचाच भाग आहे, ही त्या निकालामागची भूमिका आहे.

इथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, कायदा २०१२ चा. साहाय्यक व्यक्तीच मिळत नाही हे समोर यायला सात वर्षे लागली. तेही सर्वोच्च न्यायालयाने माहिती मागवल्यावर. एखाद्या जिल्ह्याने दरवर्षी स्वतःच हा प्रश्न विचारला असता, तर पहिल्याच वर्षी उत्तर मिळाले असते.

मूल्यमापन खरेच शक्य आहे का?

शक्य आहे, आणि त्याची उदाहरणे परदेशात शोधण्याची गरज नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशात पोलीस ठाण्यांतील महिला मदत कक्षांचा अभ्यास झाला. १८० पोलीस ठाणी निवडली गेली. काहींत कक्ष सुरू केले, काहींत नेहमीचाच कारभार ठेवला; कुठे कक्ष द्यायचा हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरवले. मग दोन्ही गटांची तुलना केली. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली. त्यातही प्रथम खबरी अहवालांची वाढ प्रामुख्याने तेथे दिसली, जेथे कक्षाची सूत्रे महिला पोलीस अधिकाऱ्याकडे होती. केवळ टेबल आणि पाटी लावून भागत नाही, टेबलामागे कोण बसले आहे त्यानेही फरक पडतो, हे अंदाजाने नव्हे तर आकड्यांनी कळले.

महाराष्ट्राची परंपरा तर त्याहून जुनी. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण पोलीस नसलेल्या समाजकार्यकर्त्या बसवायच्या, ही कल्पना तेव्हा नवी होती. पुढे राज्य सरकारने ती स्वीकारली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष निघाले. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. मार लागलेली बाई पोलिसांकडे जाईलच असे नाही, पण रुग्णालयात येते. म्हणून मदत तिथे ठेवायची, हा त्यामागचा विचार. नोंदी नीट ठेवल्या गेल्या, त्यांचा अभ्यास झाला, त्यातून शिकत काम बदलत गेले आणि ही पद्धत इतर रुग्णालयांपर्यंत पोहोचली.

दोन्ही उपक्रम मुंबईत जन्मले. बस चुकली तर तारीख चुकते, अशा गावात त्यांचे स्वरूप काय असावे, हे काष्टीतच विचारावे लागेल.

चोरी आणि फसवणूक झालेल्यांचे काय?

पीडित म्हटले की लैंगिक अत्याचार, खून अशी प्रकरणे डोळ्यांपुढे येतात. पण बाजाराच्या गावात सर्वसामान्य माणसाला गाठणारे गुन्हे वेगळे असतात. बैल विकून घरी निघालेल्या शेतकऱ्याचा खिसा कापला जातो. गोठ्यातील शेळ्या रात्रीतून जातात. क्यूआर कोड दाखवून ‘पैसे पाठवले’ म्हणणारा गर्दीत नाहीसा होतो.

अशा माणसासाठी भरपाई योजना नाही. त्याला हवी असते ती तीन गोष्टींची हमी : तक्रार नोंदवली जावी, तपासाचे काय झाले ते कळावे आणि माल सापडला तर लवकर परत मिळावा. नव्या संहितेत या तिन्हींची सोय आहे. गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडो, ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. काष्टी-दौंडसारख्या जिल्ह्यांच्या सीमेवर हे विशेष महत्त्वाचे. ‘ती हद्द आमची नाही’ हे उत्तर आता चालत नाही. कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे, मोबाइलवरूनही चालेल. कलम ४९७ नुसार न्यायालयापुढे आलेल्या मुद्देमालाचे वर्णन १४ दिवसांत तयार करून, त्याची छायाचित्रे घेऊन, पुढच्या ३० दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा किंवा परत देण्याचा आदेश व्हायचा आहे. जप्तीतील शेळीला रोज चारा लागतो, हे ज्याला कळते त्याला या मुदतीचे महत्त्व सांगायला नको.

या मुदती मोजायला नवे सॉफ्टवेअरही नको. ९० दिवसांत संदेश गेला का, याची तारीख यंत्रणेतच असते. फक्त त्यापुढे एक पाऊल टाकायचे : संदेश मराठीत होता का, आणि ज्याला तो मिळाला त्याला समजला का?

पोलिसांकडे न येणाऱ्यांची मोजणी तर त्याहून आवश्यक. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून घरोघरी जाऊन ‘तुमच्याबाबत गुन्हा घडला का, तुम्ही तक्रार केली का?’ असे विचारणारी पाहणी होते. भारतात कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्हने दिल्ली-मुंबईत आणि आयडीएफसी इन्स्टिट्यूटने दिल्ली, मुंबई, चेन्नई व बेंगळूरुत अशा पाहण्या केल्या. गुन्हा घडूनही बरेच लोक पोलिसांपर्यंत जात नाहीत, हे त्यांतून दिसले. या पाहण्या महानगरांच्या होत्या. आठवडी बाजाराच्या गावातील माणूस तक्रार का टाळतो, याची कारणे महानगरातील उत्तरांवरून काढता येणार नाहीत.

नेमके काय विचारायचे?

मोठा संशोधन प्रकल्प लागेलच असे नाही. एका तालुक्यासाठी सहा प्रश्न पुरेत :

१. फिर्यादीची प्रत त्याच दिवशी, मोफत मिळाली का?

२. पुढे काय होणार, हे कुणी समजावून सांगितले का? कुणी?

३. पहिली मदत, मग ती उपचाराची असो, समुपदेशनाची असो वा पैशांची, किती दिवसांनी मिळाली?

४. त्यासाठी किती फेऱ्या झाल्या आणि किती दिवसांची मजुरी बुडाली?

५. तारखेची सूचना वेळेत मिळाली का? न्यायालयात सोबत कुणी होते का?

६. पुन्हा असे काही घडले, तर तक्रार कराल का?

फिर्यादीनंतर एक महिना, तीन महिने, एक वर्ष आणि निकाल अशा चार टप्प्यांवर हे प्रश्न विचारले, तर वर्षभरात तालुक्याचे चित्र स्पष्ट होईल. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधीच्या पाच रकान्यांत कितीही चांगले आकडे असोत, सेवा फसली असे समजावे.

हे प्रश्न पोलिसांनी किंवा मदत देणाऱ्या कार्यालयानेच विचारून चालणार नाही. ज्याच्याकडून मदत हवी आहे, त्याच्या तोंडावर तक्रार कोण करेल? नगरमध्ये सीएसआरडीसारखे समाजकार्य महाविद्यालय आहे. ‘स्नेहालय’सारखी १९८९ पासून काम करणारी संस्था आहे. विधी महाविद्यालये आहेत. प्रशिक्षित विद्यार्थी आणि अनुभवी मार्गदर्शक जिल्ह्यातच मिळू शकतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पुढाकार घ्यावा, पाहणी बाहेरच्या संस्थेने करावी आणि निष्कर्ष तालुकानिहाय जाहीर व्हावेत, एवढी रचना पुरे.

विचारण्याचाही त्रास होऊ शकतो

इथे एक धोका ओळखून ठेवला पाहिजे. गावात अनोळखी माणूस वही घेऊन एखाद्या घरी दोनदा आला, की तिसऱ्या दिवशी गावभर चर्चा होते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत ‘पोक्सो’चे कलम २३ आहे. पाहणीमुळे ओळख फुटली, तर मदतीच्या नावाखाली नवी इजा होईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच कौटुंबिक हिंसाचारावरील संशोधनासाठी नीतिनियम ठरवून दिले. उत्तर देणारीची सुरक्षितता आधी, माहिती नंतर, हे त्यांचे सार. म्हणजे घटना पुन्हा सांगायला लावायची नाही. प्रश्न फक्त मिळालेल्या सेवेबद्दल. कुठे आणि केव्हा बोलायचे हे तिने ठरवायचे. फोन घरातील दुसऱ्याने उचलला तर विषय काढायचा नाही. नकार दिला तर मदतीवर परिणाम होणार नाही, हे आधी सांगायचे. लहान तालुक्यात आकडेही जपून जाहीर करावे लागतात. एखाद्या गावात एकच प्रकरण असेल तर ‘एक’ हा आकडाच नाव सांगून जातो.

‘आधी मदत द्या, मग मोजा’ हा आक्षेप

मनुष्यबळ नाही, पदे रिक्त आहेत. अशा वेळी मूल्यमापनावर वेळ घालवण्यापेक्षा तोच पैसा मदतीसाठी वापरावा, असा युक्तिवाद होतो. तो वरवर पटणारा आहे. पण मोजल्याशिवाय पैसा नेमका कुठे वापरायचा हे कसे कळणार? अडचण रकमेची आहे की अंतराची? समुपदेशक नाही म्हणून बाई येत नाही, की नगरला जायला गाडीभाडे नाही म्हणून? पहिल्याचा उपाय नवे पद आहे. दुसऱ्याचा उपाय महिन्यातून ठरावीक दिवशी श्रीगोंद्यात बसणारा समुपदेशक आहे, आणि तो खूपच स्वस्त आहे.

दुसरा आक्षेप असा की, पीडित समाधानी आहे की नाही हे निकालावरच अवलंबून असते, मग विचारून काय उपयोग? म्हणूनच निकालाच्या आधीही विचारायचे. निर्णय न्यायालयाच्या हातात असतो, तो पुराव्यावर ठरतो. तारीख कळवणे, प्रत देणे, सोबत जाणे, वेळेत पैसे देणे हे मात्र प्रशासनाच्या हातात असते. जे हातात आहे, त्याचाच हिशेब मागितला जात आहे.

आज काष्टीतील माणसाच्या हातात काय आहे?

मूल्यमापन सुरू होईल तेव्हा होईल. तोवर काही गोष्टी प्रत्येकाने फोनमध्ये नोंदवून ठेवाव्यात. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०, आणि तोही लगेच. जितका उशीर तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी. लैंगिक अत्याचार वा ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार व उपचार करणे बंधनकारक आहे. भरपाईसाठी आरोपी पकडला जाण्याची किंवा निकालाची वाट पाहावी लागत नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीमार्फत, म्हणजे श्रीगोंद्यातूनही करता येतो.

आणि एक छोटी सवय : फिर्याद दिल्यापासून कुठल्या कार्यालयात कधी गेलो, कोण भेटले, काय सांगितले, हे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. सरकारकडे आज हा हिशेब एका जागी नाही. तो मागायचा दिवस येईल, तेव्हा काष्टीच्या माणसाकडची वही हाच पहिला पुरावा असेल.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये गुन्हे-पीडितांना सन्मानाने व सहानुभूतीने वागवण्याची तत्त्वे जाहीर केली. त्याला आता सुमारे चाळीस वर्षे झाली. सन्मान मोजता येत नाही, असे म्हणून हा विषय सोडून देणे सोपे आहे. पण फेऱ्या मोजता येतात, दिवस मोजता येतात, बुडालेली मजुरी मोजता येते. श्रीगोंदा तालुक्यापासून ही मोजणी सुरू करायला नवा कायदा लागत नाही. ती करण्याचा निर्णय तेवढा व्हायला हवा.